रेषेपर्यंत पाणी

अंकल लव्हालला लेकीकडे निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. वहीचं अर्धं पान होतं आणि त्यावर निळ्या पेनाने सहा ओळी लिहिलेल्या होत्या. दिवे आपोआप लागतात आणि विझतात, हात लावू नये. माशांना सकाळी एक चिमूट, जास्त नाही. काचेवर हिरवं धरलं तर चुंबकाने पुसावं. तापमान पंचवीस. पंप बंद पडला तर ताबडतोब फोन. आणि शेवटची ओळ: पाणी रोज रेषेपर्यंत भरत राहणे.

"काय विचारायचं असेल तर आत्ता विचार, बाय," ते म्हणाले. बाहेर त्यांची लेक गाडी सुरू ठेवून बसली होती.

मी म्हटलं, "नाही हो अंकल, एवढं काय त्यात?"

हे माझं जुनं दुखणं आहे. समोरच्याने "कळलं का?" म्हणून विचारलं की माझ्या तोंडून हो बाहेर पडतं, कळलेलं असो वा नसो. मी जिथे काम करते त्या नर्सिंग होममधली सुपरवायझर आता मला विचारतच नाही, सरळ करून दाखवायला लावते. शहाणी बाई आहे.

तेव्हा मला अंकलच्या बेसमेंटमध्ये राहून चार वर्षं झाली होती. कॅनडात, हॅमिल्टनच्या पूर्वेकडे, पोलादाच्या कारखान्यापासून जवळच, विटांचं जुनं घर. वर ते एकटे, खाली मी एकटी. माझं वय त्रेचाळीस, लग्न झालेलं नाही. का झालं नाही ते सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल आणि ते कोणी वाचणार नाही. मी म्हाताऱ्या माणसांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. दिवसभर माणसांत असते. त्यातली निम्मी मला आपली बहीण समजतात, आणि एक आजी मला शाळेतली बाई समजून घाबरते. तीनला शिफ्ट सुटली की बस पकडायची आणि घरी यायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत माझ्याशी, मी म्हणून, बोलणारं कोणी नसायचं. वसईला फोन केला की भाऊ विचारायचा, "मजेत ना?" मी हो म्हणायचे. माझं हो कसं असतं ते वर सांगितलंच आहे.

मध्ये फक्त साडेचार ते पाच अंकल असायचे.

अंकलही वसईचेच. माझ्या गावापासून त्यांचं गाव सायकलने वीस मिनिटांवर, पण आमची ओळख झाली ती टोरोंटोकडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये, महिन्यातून एकदा मराठी मिस्सा असते तिथे. मिस्सा झाल्यावर चहा आणि पॅटिस खाता खाता कोणीतरी त्यांना सांगितलं की हिला खोली हवी आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, कोणाची मुलगी. मी पप्पांचं नाव सांगितलं. "म्हणजे मिठागरवाल्याची?" मी म्हटलं, हो, त्यांचीच. "मग शनिवारी सामान घेऊन ये." ना रेफरन्स, ना क्रेडिट चेक. हॅमिल्टनमध्ये अशी खोली कोणाला मिळाली नसेल. पप्पा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मिठागराच्या जागेवर इमारती उठल्या होत्या, तरी त्यांनीच मला घर मिळवून दिलं असं मी अजून समजते.

अंकल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आधी गल्फ, मग इथे कारखान्यात तीस वर्षं, मग रिटायर. आंटी गेल्यावर त्यांनी दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आणून ठेवली आणि तिच्यात समुद्र केला. ते घुमे होते. हवापाण्याचं बोलणं त्यांना जमत नसे, तब्येतीचं विचारलेलं आवडत नसे. पण मी साडेचारला वर गेले की ते दोन कप कॉफी करायचे, टाकीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्याच असायच्या, आणि मग ते बोलायचे. बोलायचे ते टाकीविषयीच. मला मासे खायचे माहीत, बघत बसायचे माहीत नव्हते. पहिला महिना मी केवळ कॉफीसाठी बसले.

मग मला बाईसाहेब दिसल्या.

ती एक गोगलगाय होती. समुद्रातली, शंख नसलेली, कॅरिबियन बेटांकडच्या उथळ गरम पाण्यातली. लांबीला माझ्या करंगळीएवढी. अंग हिरवं, त्यावर पांढरे ठिपके, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी झालरच झालर. झालरीच्या कडेला बारीक निळी रेघ, आणि बाजूने पाहिलं की तीच कड कुठे गुलाबी, कुठे नारिंगी. आमच्याकडे पहिल्या कम्युनियनला मुलींना झालरीचा फ्रॉक शिवतात. तसा फ्रॉक कोणीतरी भलत्याच रंगांत शिवला आहे आणि तो घालून ही बाई दगडावरून सावकाश मिरवते आहे, असं मला वाटलं आणि मी हसले. त्या घरात मी मोठ्याने हसले ती पहिली वेळ. दुकानात तिला लेट्यूस म्हणतात. पानकोबीसारखी दिसते म्हणून असेल. अंकलनी ती दगडावरचं केसाळ शेवाळ खायला आणली होती, पण नोकर म्हणून आलेली ती मालकीण होऊन बसली, म्हणून बाईसाहेब.

"ही शेवाळ खाते ना," अंकलनी मला एकदा सांगितलं, "पण त्यातलं जे ग्रीन असतं ते डायजेस्ट नाही करत. ते अंगात ठेवते. मग लाइटमध्ये जाऊन बसते. झाडासारखं तिचं पोट लाइटवर भरतं. खायला नाही मिळालं तरी वीक्स अँड वीक्स काढते."

मी म्हटलं, "अंकल, मला हे जमलं असतं तर हॅमिल्टनच्या बिनउन्हाच्या फेब्रुवारीत मी उपाशी मेले असते."

ते हसले. अंकलना हसवता आलं याचा आनंद मला दोन दिवस पुरला. एवढ्याशा गोष्टीवर दोन दिवस काढायचे म्हणजे माणूस किती एकटं असेल, हे आता लिहिताना कळतं. तेव्हा मी फक्त खूश होते.

त्यांची लेक लव्हालला राहते, मॉन्ट्रियलच्या शेजारी. मॉन्ट्रियलला विमानांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, नवरा तिकडचाच, दोन मुलं घरात फ्रेंच बोलतात. ती गेली तीन वर्षं अंकलना तिकडे बोलावत होती. बेसमेंट तयार केलंय, बाथरूमला धरायला दांडे लावलेत, विंटर टायर बदलायची कटकट नको, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला नको. अंकलचं प्रत्येक वेळी एकच उत्तर असायचं, "टँक कोण बघणार?" मागच्या नाताळात ती आली होती तेव्हा स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "इट्स अ स्लग! ही इज चूझिंग अ स्लग ओव्हर हिज ग्रँडचिल्ड्रन. यू टेल हिम ना."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, देवा, त्या गोगलगायीला उदंड आयुष्य दे.

मला माहीत होतं की मी स्वार्थी आहे. अंकल गेले तर खोली दुसरी मिळाली असती, महाग मिळाली असती पण मिळाली असती. साडेचारची कॉफी मिळाली नसती. या एवढ्या मोठ्या देशात मला "बाय" म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस होता.

जानेवारीत ते बर्फावर घसरले आणि डावं मनगट मोडलं. मग मात्र लेकीने ऐकलं नाही. फक्त तीन आठवडे या, हात बरा होईपर्यंत, म्हणाली. अंकलनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "टँक बघशील?" नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, टाकी नीट राहिली की ते तीन आठवड्यांनी तिच्यासाठी परत येतील. टाकी बिघडली तर लेक म्हणेल, आता काय उरलंय तिथे. म्हणून मी ती जिवापाड सांभाळायची ठरवली.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला. टाकीच्या काचेवर लाल टेपची रेघ होती आणि पाणी तिच्याखाली दोन बोटं गेलं होतं. हिवाळ्यात फर्नेस दिवसरात्र चालते, घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, पाणी उडतं. भरायचं खरं, पण कुठलं? खाली माझ्या खोलीबाहेर फर्नेसशेजारी दोन निळे ड्रम होते, झाकणं सारखी. मी दोन्हीत बोट बुडवून चाखलं. मिठागरावर वाढलेली मी, पाणी बघायचं म्हणजे चाखायचं हे मला कोणी शिकवावं लागत नाही. एक गोडं निघालं, एक खारं. मी खाऱ्या ड्रममधून पाच लिटरचा जग भरला आणि वर नेऊन ओतला. समुद्रातला जीव आहे, त्याला गोडं पाणी कसं चालेल? शंकासुद्धा आली नाही. उलट मी स्वतःवर खूश झाले. अंकलनी कागदावर ड्रमचं लिहिलं नाही, कारण मला कळेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि बघा, कळलंच की.

रोज साडेचारला मी वर जायचे, एक कप कॉफी करायचे, एक जग ओतायचे आणि रेघेवर पाणी टेकलं की खुर्चीत बसायचे. दुसरी खुर्ची मी हलवली नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी बाईसाहेबांशी बोलायला लागले. आजी आज कशी रुसली, बसमध्ये कोण शिंकलं, भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि मला फोटोवरून कळलं, असलं सगळं. ती ऐकत नव्हती, तिला कान नाहीत. अंकलही फारसे ऐकत नसत, त्यामुळे मला सवय होती.

टाकीच्या वरच्या कडेला पांढरी साय धरायला लागली. मी ती ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली, पुन्हा पुसली. घर स्वच्छ ठेवायची मला हौस.

दहाव्या दिवशी दगडावरच्या प्रवाळांनी तोंडं मिटली. ती एरवी बोटं पसरल्यासारखी उघडी असतात. मला वाटलं, झोपली असतील. बाईसाहेब काचेवर पाण्याच्या कडेपाशी जाऊन बसल्या होत्या आणि त्यांची झालर घट्ट मिटून नुसती हिरवी वळी झाली होती. त्याच संध्याकाळी अंकलचा व्हिडिओ कॉल आला. मागे नातवंडांचा आरडाओरडा चालला होता आणि अंकलच्या डोक्यावर कोणीतरी लोकरीची टोपी चढवली होती, तिला तिकडे टूक म्हणतात.

"कशा आहेत बाईसाहेब?"

"मजेत," मी म्हटलं, आणि फोन फिरवून नारिंगी मासे दाखवले. मासे तेवढे पोहत होते.

दुसऱ्या दिवशीही मी मजेत म्हटलं. हे मी अंकलना आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं बिघडलं त्याच दिवशी मी फोन केला. मी दोन दिवस खोटं बोलले, कारण मला भीती वाटत होती. बाईसाहेब मेल्या असं कळलं की लव्हालच्या त्या घरात निकाल लागेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक जीव समोर मरत होता आणि मी माझ्या कॉफीची काळजी करत होते.

बाराव्या दिवशी कामावरून आले तर ती काचेवर नव्हती. खाली वाळूत उलटी पडली होती. मी स्वेटरची बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि तिला बोटाने सरळ केलं. मऊ आणि एकदम हलकी होती, आणि बोट लागताच अगदी किंचित आक्रसली. म्हणजे जिवंत होती. मी हात बाहेर काढला आणि डोळे पुसले, कारण मी रडत होते, आणि हातावरचं पाणी ओघळून ओठावर आलं.

माझी जीभ थांबली.

ती चव मला माहीत होती. खाडीच्या पाण्याची ती चव नाही. भरतीला खाडीचं पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचं, ऊन ते शोषून घेतं, मग ते दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, मग तिसऱ्या. पाणी उडत जातं आणि मीठ मागे राहतं. पप्पा रोज दुपारी बांधावरून फिरताना प्रत्येक वाफ्यात बोट बुडवून चाखायचे आणि थुंकायचे, आणि मी त्यांच्या मागोमाग तेच करायचे. शेवटच्या वाफ्याचं पाणी जिभेला चावायचं. तिथे कडेला पांढरी साय धरली की पप्पा म्हणायचे, "उद्या धरणार." मीठ धरणार. आम्ही त्याच्यावर जगलो. पाणी जातं, मीठ कुठे जात नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर चाललं, माझ्या शाळेची फी गेली, मी कॅनडाला आले. आणि मी बारा दिवस या टाकीत मीठ ओतत होते, आणि कडेची साय फडक्याने पुसत होते.

मी तिथेच जमिनीवर बसून अंकलना फोन लावला. या वेळी व्हिडिओ नको म्हटलं. मी सांगितलं, बाईसाहेबांचं खरं नाही. पाणी फार खारं झालंय.

त्यांनी विचारलं, "कुठलं पाणी भरलंस?"

"खारं."

"किती दिवस?"

"रोज, अंकल."

आता ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं बाय, तू मिठागरवाल्याची ना. मी म्हणून तर नाही लिहिलं. दुसऱ्या कोणाला लिहून दिलं असतं. म्हटलं, हिला काय सांगायचं."

त्यावर मी जशी रडले तशी पप्पा गेले तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा मी इथे होते, तिकिटाची जुळवाजुळव करेपर्यंत तिकडे माती झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी माझी शिफ्ट होती. अंकलनी मला बराच वेळ रडू दिलं असेल, किंवा थोडाच वेळ, मला सांगता येणार नाही. मग ते कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "ओके. रडायचं ते नंतर रड. आधी एक मग घे, कॉफीचा. टाकीतलं एक मग बाहेर, गोड्या ड्रममधलं एक मग आत. स्लोली. मग वीस मिनिटं काही करायचं नाही. एकदम सगळं बदललंस तर शॉकनेच मरतील. समजलं?"

"हो," मी म्हटलं, आणि मग घाईघाईने म्हटलं, "नाही. पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कामावर सिक कॉल केला. सुपरवायझरला वाटलं मी हॉस्पिटलमध्ये आहे, इतकं ते नवल होतं. चार दिवस मी त्या टाकीसमोर होते. फोन कॉफीच्या डब्याला टेकवून उभा केलेला, पलीकडे लव्हालला अंकल प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसलेले. वीस मिनिटं झाली की ते म्हणायचे, "मग." मी एक मग बाहेर काढायचे, एक मग आत टाकायचे. खारेपणा मोजायचं त्यांचं छोटं यंत्र कपाटात होतं, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावून बघायचं, ते त्यांनी मला वापरायला शिकवलं. तरी आकडा बघायच्या आधी मी चाखायचे. "चाखून काय कळतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून पाचव्या वाफ्याचं आहे. खाडीच्या पाण्यापर्यंत खाली आणायचंय." मग त्यांनी पप्पांविषयी विचारलं. मग त्यांनी आंटीविषयी सांगितलं, की ती या घरात बावीस वर्षं राहिली आणि तिला एकदाही हे घर आवडलं नाही, आणि हे त्यांना ती गेल्यावर तिच्या बहिणीकडून कळलं. म्हणाले, टाकी आणली कारण घरात काहीतरी हलतं हवं होतं. चार वर्षांत आम्ही बोललो नव्हतो ते या चार दिवसांत बोललो. मागून नातू ओरडायचा, "पापी, ऑन मांज!" म्हणजे जेवायला चला, आणि अंकल म्हणायचे, "दोन मिनिट, दोन मिनिट," आणि जायचे नाहीत.

खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत मी सुखात होते. बाईसाहेब मरणाच्या दारात आणि मी सुखात.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रवाळांनी बोटं बाहेर काढली. त्यातलं एक मेलं, ते पांढरं पडून तसंच राहिलं. चौथ्या दिवशी बाईसाहेब वाळूतून दगडावर चढल्या. अर्धा तास लागला त्यांना. वरच्या सपाटीवर दिव्याखाली जाऊन त्या थांबल्या आणि मग झालर उघडायला लागली. आधी एक बाजू, मग दुसरी. हिरवा रंग फिका झाला होता, पण कडेची निळी रेघ होती तशीच होती. मी फोन काचेजवळ धरला. मग अंकल म्हणाले, "उघडली, बाय. उघडली गं."

तीन आठवडे पुरे झाले त्या रविवारी लेक त्यांना घेऊन आली. मी सकाळपासून घर पुसून ठेवलं होतं, बोंबिलाचं कालवण केलं होतं, ड्राइव्हवे दोनदा शोव्हल केला होता. अंकल कोट न काढताच टाकीपाशी गेले. बराच वेळ पाहत राहिले. बाईसाहेब त्यांच्याकडे पाठ करून शेवाळ खात होत्या. मग त्यांनी त्यांच्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की मला वाटलं, आले. परत आले.

"मला इतकी वर्षं वाटायचं," ते म्हणाले, "माझ्याशिवाय हे कोणाला नाही जमणार. म्हणून अडकून होतो. पण तू बघ, एवढं बिघडलेलं पण वाचवलंस. आता मी निघालो तरी चालेल."

लेक माझ्याकडे बघून हसली, थँक यू म्हणाली, माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं काही चुकलेलं नव्हतं. कोणाचंच नव्हतं. टाकी कायमची बघशील ना, असं अंकलनी विचारलं, आणि मी हो म्हटलं, अर्थातच.

घर त्यांनी विकलं नाही. मला वर राहायला सांगितलं, त्याच भाड्यात, टाकीसाठी. खाली आता नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली राहतात, मला आंटी म्हणतात आणि दार लावून घेतात. अंकल एप्रिलपर्यंत रोज साडेचारला फोन करायचे. मग नातवाचं हॉकी सुरू झालं, मग रविवारी एकदा, आता आठवण झाली की करतात. आवाज बरा असतो. मध्ये फ्रेंच शब्द येतात. बाईसाहेबांचं विचारतात, मी मजेत म्हणते, आणि आता ते खरं असतं. कधीकधी टाकीसमोर बसल्यावर माझ्या मनात येतं की त्या दिवशी ती वाळूत मेली असती तर काय झालं असतं. अंकल आले असते, मला बोल बोल बोलले असते, आठवडाभर घुश्शात राहिले असते आणि मग नवीन गोगलगाय आणायला म्हणून इथेच राहिले असते. असं वाईट माझ्या मनात येतं. मग मी उठून गोड्या पाण्याचा जग भरून आणते.

जाताना अंकलनी मला नवीन कागद दिला. लेकीने टाइप करून प्रिंट काढून दिलेला, इंग्रजीत, पाच पानं. सगळं आहे त्यात. कुठला ड्रम रोज भरायला, कुठला महिन्याने पाणी बदलायला, कुठलं झाकण, किती लिटर, यंत्रात आकडा कुठे दिसला पाहिजे. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की भरायला फक्त गोडं पाणी वापरावं, कारण मीठ उडून जात नाही. "आता कोणी पण करू शकेल," ते म्हणाले होते. तो मी टाकीशेजारी भिंतीला लावलाय, खालच्या मुलींना कधी बघावी लागली टाकी, तर असू दे.

वहीचं अर्धं पान माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. त्याच्यामुळे बाईसाहेबांचा जीव जायची वेळ आली होती, तरी मी ते टाकलं नाही. मला काही सांगायची गरज नाही असं धरून कोणी लिहिलेला तेवढा एकच कागद माझ्याजवळ आहे.